म की ब

ताईने नाकाला बोट लावलं तेव्हा धाकटी सिनेमागृहाच्या पायऱ्या उतरत होती, आणि पुढचं पाऊल टाकायचं तिच्याकडून राहूनच गेलं. दुपारचा खेळ नुकता सुटलेला, मागून लोंढा येतोय, माणसं तिला वळसा घालून उतरताहेत, कुणाचं तरी कोपर लागलं, आणि ती आपली ताईच्या बोटाकडे बघत उभी. लख्ख उन्हात डोळे बारीक करून ताई खालून पुन्हा तेच म्हणाली आणि पुन्हा बोट नाकाला टेकवलं, दोनदा. म. आणि परत म. मामा. म्हणजे सिनेमातल्या त्या मुलीने अगदी शेवटी जे एकच वाक्य उच्चारलं होतं ते 'मामांनी ढकललं' असं होतं. तिने स्वतः ते ओठांवरून 'बाबांनी ढकललं' असं वाचलं होतं. वाचून खुर्चीच्या हातावर मूठ आपटली होती की बघा, पहिल्यापासून मी म्हणत होते तेच झालं.

तिला ऐकू येत नसे. साडेआठ वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि उतरताना दोन्ही कान घेऊन गेला. ओठ वाचते म्हटलं की लोकांना वाटतं, पाटीवरचं वाचावं तसं ही वाचत असेल. प्रत्यक्षात निम्मं वाचायचं आणि निम्मं पदरचं घालायचं. ओठ मिटून उघडले की तो प असेल, ब असेल, भ असेल, नाहीतर म. पाय, बाय, माय, सगळं एकाच चेहऱ्याचं. मग आजूबाजूचे शब्द बघून ठरवायचं की समोरचा माणूस आपल्या पायाबद्दल बोलतोय की आईबद्दल. म नाकातून येतो हे ताईला शाळेत व्याकरणाच्या तासाला कळलं होतं, आणि तेरा वर्षांच्या ताईने घरी येऊन नियम काढला होता: म आला की नाकाला बोट. हा नियम दोघी बहिणींपुरताच राहिला. आई म्हणायची, चारचौघांत काय ते नाकाला बोटं लावणं. आता ताई पन्नाशीला टेकली होती, आणि हे बोट तिने कित्येक वर्षांत वर केलं नव्हतं. पण आज दोघी दोन वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत होत्या हे तिच्या लक्षात आलं होतं. ताई म्हणत होती, सबंध सिनेमात दोनदा दिसलेला माणूस एकदम खुनी कसा. आणि ही म्हणत होती, दोनदा काय, तो तर प्रत्येक चौकटीत आहे.

सिनेमा तसा साधा होता. एका घरातली बाई जिन्याच्या तळाशी मरून पडलेली सापडते. तिच्या दहा वर्षांच्या मुलीने काहीतरी पाहिलेलं असतं आणि त्या क्षणापासून मुलीची वाचाच गेलेली असते. बाईचा नवरा चष्मेवाला, शांत, पोरीच्या केसांच्या वेण्या घालणारा. बाईचा भाऊ दूर कुठेतरी राहणारा, एकदा जेवायला येतो आणि एकदा बहिणीच्या अंत्ययात्रेला. तपासाला आलेली इन्स्पेक्टर बाई सारखी सर्दीने हैराण. शेवटी ती हार मानून सामान आवरते, निघताना मुलगी तिची बाही धरते, मुलीचा चेहरा पडदाभर होतो, ओठ मिटतात, उघडतात, मिटतात, उघडतात, आणि ते वाक्य. लगेच अंधार. मग फक्त एक पोलिसांची गाडी जाताना दिसते, मागच्या काचेतून कुणा पुरुषाची मान. मान कुणाचीही असू शकते. सगळ्या सभागृहाने एक सिनेमा पाहिला होता आणि तेराव्या रांगेत बसून तिने दुसराच.

घरी जाताना गाडीत ताईचा नवरा चिडलेला होता. तो शाळेत गणित शिकवायचा, आणि शेवट न पटणं हा त्याला वैयक्तिक अपमान वाटायचा. त्याचं म्हणणं असं की कलाटणी द्यायला ना नाही, पण ती कळल्यावर मागे वळून पाहिलं की आलेली वाट दिसली पाहिजे. हा मामा तर आभाळातून पडला. बहिणीच्या घरावर त्याचा डोळा असेल म्हणावं, तर तसं सबंध दीड तासात कुठे सांगितलेलं नाही. गाडी सिग्नलला थांबली की तो मागे वळून, तोंड नीट दिसेल असं करून तिला हे सांगत होता, आणि मागचे भोंगे वाजवत असावेत, कारण ताई त्याला सारखी पुढे ढोसत होती.

मग तिने तिचा सिनेमा सांगितला. आपला आवाज कसा येतो हे तिला माहीत नव्हतं, सपाट येतो असं शाळेतल्या बाई म्हणायच्या, म्हणून एरवी ती बेताचंच बोलायची. आज थांबेना. ती चष्म्याच्या दुकानामागच्या वर्कशॉपमध्ये एकवीस वर्षं भिंगं घासून फ्रेममध्ये बसवत होती, आणि सिनेमातल्या बापाचा चष्मा तिने पहिल्याच प्रसंगात पारखला होता. चांगला सहा-सात नंबरचा मायनस. अशा भिंगातून पाहिलं की चष्म्याच्या आतली गालाची कड आत सरकलेली दिसते, चेहरा तिथे चिमटल्यासारखा होतो. बायको मेल्यानंतरच्या सकाळी फ्रेम तीच, पण गालाची कड सरळ. साधी काच. का? त्या रात्री झटापटीत त्याचा चष्मा फुटला. नंबरची भिंगं बनवून घ्यायला दुकानात जायची हिंमत नाही, तारीख कळेल. म्हणून साध्या काचा घालून तो आंधळ्यासारखा वावरतो, आणि म्हणूनच पुढच्या प्रसंगात इन्स्पेक्टरने दिलेला कागद तो न वाचता सही करतो, म्हणूनच दुधाचं पातेलं उतू जातं, म्हणूनच मुलीची वेणी वाकडी पडते. मुलगी हे सगळं बघते. म्हणूनच मुकी होते. दुसऱ्या कुणी ढकललं असतं तर मूल बापाच्या कुशीत शिरून सांगणार नाही का? ज्याला सांगायचं त्यानेच केलं असेल तर सांगणार कुणाला?

मग पुढच्या सिग्नलला ताईच्या नवऱ्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "तुझा सिनेमा बघायला हवा होता. आमचे पैसे वाया गेले."

ती घरी आली ती तरंगतच. शिंप्याच्या दुकानावरच्या तिच्या दोन खोल्या, त्यांत ती या टोकाची त्या टोकाला जात राहिली, चहा टाकला आणि विसरली. पस्तीस वर्षं लोकांनी तिला सिनेमे सांगितले होते. मध्येच बाही ओढून विचारलं की 'नंतर सांगते', आणि नंतर सांगायचं म्हणजे दोन वाक्यांत. एवढा हसला सगळा प्रेक्षकवर्ग, कशाला हसला, तर 'काही नाही गं, असंच.' आज पहिल्यांदा तिच्याकडे असं काहीतरी होतं जे ऐकणाऱ्यांकडे नव्हतं, आणि ते तिला त्या दोन ओठांच्या मिटण्या-उघडण्याने दिलं होतं. म की ब. एका अक्षरावर सगळा सिनेमा फिरला होता, नुसता शेवट नव्हे, तर मागचा दीड तास, वेण्या, दूध, सही, सगळं. आरशासमोर उभं राहून तिने स्वतःच करून पाहिलं. बाबांनी. मामांनी. बाबांनी. मामांनी. काहीही फरक नाही. बाबा म्हणतात. मामा म्हणतात.

आणि इथे ती थांबली. आरशातल्या तोंडाने हे तिसरं वाक्य का म्हटलं, हे आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली.

ती नऊ वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दाराच्या चौकटीला हिरवा रंग होता आणि तो नखाने सोलायची तिला खोड होती. आई ओट्याशी, अर्धी वळलेली. ताई पाटावर बसून शेंगा सोलत होती. आई ताईला म्हणाली: बाबा म्हणतात, तिकडेच ठेवून येऊ हिला. आईने मान वळवली तेव्हा ही दिसली आणि आईने ओठ मिटले ते मिटलेच. पंधरा दिवसांनी तिला दूरच्या गावी, बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत ठेवलं. ती तिथे नऊ वर्षं राहिली. बाबा म्हणतात. हे दोन शब्द तिने पस्तीस वर्षं छातीत खिळ्यासारखे ठोकून ठेवले होते आणि त्यांच्यावरच बाकीचं सगळं टांगलं होतं: बाबांशी तुटक बोलणं, महिन्यातून एकदा जाऊन तासभर बसणं, त्यांनी 'टकळे' म्हणून हाक मारली की न ऐकल्यासारखं करणं, जे तिला सोपंच होतं. टकळी हे नाव त्यांनीच ठेवलेलं, ती चार वर्षांची असताना, कारण तिच्या तोंडाची टकळी म्हणे झोपेतही थांबत नसे. कान गेल्यावर बाकीच्यांनी ते नाव लाजून सोडून दिलं. त्यांनी सोडलं नाही, आणि हेही तिने त्यांच्या खात्यावर मांडलं होतं. पण आईने तेव्हा नाकाला बोट लावलं नव्हतं.

तिने ताईला फोनवर लिहून विचारलं. मला शाळेत ठेवायचं ठरलं तेव्हा आई तुला स्वयंपाकघरात काय म्हणाली होती, बाबा म्हणतात की मामा म्हणतात? ताईचं उत्तर लगेच आलं. मला कुठलं आठवायला, माझी परीक्षा होती. बाबाच म्हणाले असतील. नाहीतर मामा. आता काय त्याचं? मग थोड्या वेळाने आणखी एक: जेवलीस का?

झोप नीट लागली नाही, पण ते जागणं काही त्रासाचं नव्हतं. लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी लागायचं तसं होतं. सोमवारी सकाळी यंत्रापुढे बसून ती भिंगांच्या कडा घासत होती आणि पाण्याचे बारीक तुषार मनगटावर येत होते, आणि ताईच्या नवऱ्याने सांगितलं तसं ती एकेक गोष्ट मागे वळून बघत होती. बाबांनी मिशी काढली होती. तिचे कान गेल्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी ते मोरीतून बाहेर आले ते वेगळेच, नागडे वाटणारे ओठ घेऊन, आणि तिला रडूच फुटलं होतं, हा आता आपला बाबा राहिला नाही म्हणून. बाबा दोषी असतील तर ती मिशी म्हणजे माणूस बदलल्याची खूण. आणि दोषी नसतील तर? तर एक माणूस आपल्या पोरीला ओठ दिसावेत म्हणून वीस वर्षांची मिशी उतरवतो. शाळेत दर शनिवारी त्यांचं पत्र यायचं, त्यात कधीच 'ये' नसायचं, 'नीट राहा' असायचं. टाळत होते? की 'ये' लिहिलं तर पोरीला राहवणार नाही म्हणून? आणि तिचे मामा दर दोन महिन्यांनी बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला यायचे. किती माया म्हणायचे सगळे. ते गेले तेव्हा ती तीन दिवस रडली होती. एवढ्या लांब, दर दोन महिन्यांनी, न चुकता: माया, की मनाला लागलेली टोचणी? तिने भिंग फ्रेममध्ये दाबलं, ते बसलं. काढलं, पाव फेरा फिरवून दाबलं. तेही बसलं. गोल भिंगाचं हेच असतं, ते कसंही बसतं, आणि गिऱ्हाईकाचं डोकं दुखायला लागतं तेव्हा कळतं की अक्ष, भिंगाचा कोन, चुकला.

दुकानात डोळे तपासणारे डॉक्टर मधल्या सुट्टीत चहा प्यायला मागे आले तेव्हा तिने त्यांना सिनेमातल्या चष्म्याचं सांगितलं. डॉक्टरांनीही तो पाहिला होता. ते हसले. नटाला नंबर नसणार, त्यांनी सांगितलं. एका दिवसाच्या चित्रीकरणाला कुणीतरी खऱ्या नंबरचा चष्मा दिला, त्याचं डोकं दुखलं, दुसऱ्या दिवसापासून साध्या काचा. सामानवाल्याची चूक आहे ती, तुम्ही त्यावर खून उभा केलात. ती म्हणाली, असेल. पण तिच्या अंगातला तो थरार काही खाली बसेना, उलट चढला. चूक असो की मुद्दाम, वेणी तर वाकडी पडली होती.

दुपारी तिने अर्धी रजा टाकली आणि एकटी जाऊन सिनेमा पुन्हा पाहिला. या खेपेला मामाकडे बघायचं ठरवून. जेवणाच्या प्रसंगात मामा मुलीच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि मुलगी चमचा हातात धरून ताठ होते, इतकी की चमच्यातलं सार हलतसुद्धा नाही. काल हे तिला दिसलंच नव्हतं. काल ती बापाचा चष्मा बघत होती. मामा जाताना दारातून नाही, जिन्याकडून वळून जातो, जिना किती पायऱ्यांचा आहे हे डोळ्यांनी मोजल्यासारखा. म्हणजे वाट होती तर. ताईच्या नवऱ्याला दिसली नव्हती एवढंच. आणि तरीही बापाच्या गालाची कड सरळ ती सरळच. शेवटी मुलीचा चेहरा पडदाभर झाला आणि ओठ मिटले, तेव्हा ती पुढच्या खुर्चीची पाठ धरून अर्धी उठली होती. मागून कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावून खाली बसवलं. ओठांनी पुन्हा तेच सांगितलं, जे कालही सांगितलं होतं, दोन्ही.

तिथून ती थेट दादाकडे, मोठ्या भावाकडे, गेली. बाबा दादाकडे, चौथ्या मजल्यावर राहत होते. संध्याकाळचं ऊन गच्चीवजा लांब बाल्कनीत आडवं आलं होतं आणि बाबा तिथे खुर्ची टाकून बसले होते, एक्क्याऐंशी वर्षांचे, अजून रोज गुळगुळीत दाढी करणारे. आता त्यांनाही कमी ऐकू येत होतं. यंत्र घ्यायला ते तयार नव्हते, दादा आणि वहिनी घसा फोडून बोलायची, आणि ही आली की घरात बरं वाटायचं, वहिनी म्हणायची, कारण ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची, ओरडायचं काम नाही. सोमवारी ती कधी येत नसे. बाबांनी भुवया उंचावल्या. तिने समोर स्टूल ओढलं आणि नमस्कार-चमत्कार न करता त्यांना सिनेमा सांगायला सुरुवात केली.

बाबा विमा कंपनीत नुकसानीचे तपासनीस होते. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, उलटलेले ट्रक, त्यांचा जन्म लोकांच्या हकीकती ऐकण्यात गेला होता. त्यांनी सिनेमा मन लावून ऐकला, चष्म्याचं पुन्हा सांगायला लावलं, जिना लाकडाचा की दगडाचा ते विचारलं. मग म्हणाले की तुझं जास्त पटतं. आणि लगेच म्हणाले, म्हणूनच मला शंका येते. नोकरीत असताना ज्याची हकीकत जिथल्या तिथे बसायची त्याच्याकडे ते दुसऱ्यांदा जायचे. खऱ्या आगीत नेहमी एखादी गोष्ट अशी निघायची की सांगणाऱ्यालाच तिचं नवल वाटत असे.

तिचे हात गरम झाले होते. तिने ते स्टुलाखाली दाबून धरले आणि विचारलं, "मला शाळेत ठेवायचं कुणी ठरवलं? तुम्ही की मामांनी?" आणि मामा म्हणताना तिचं बोट आपोआप नाकाला लागलं, जरी बाबांना तो नियम ठाऊक नव्हता.

प्रश्न कळला नसेल म्हणून ती पुन्हा विचारणार, तोच बाबा म्हणाले, "तुला आठवत नाही?"

"काय?"

"तू ठरवलंस."

तिला वाटलं आपण चुकीचं वाचलं. पण 'तू'त चुकायला काही नसतं, ओठ पुढे येतात, एवढंच. तिने त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ते पुन्हा तेच म्हणाले, आणि मग सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत, सांगू लागले. शाळेचा पत्ता मामांनी आणला होता. बाबांना ते मान्य नव्हतं, पोर घरात राहील, जशी असेल तशी. आई दोघांच्या मधे. शेवटी नुसतं बघून येऊ म्हणून तिघं हिला घेऊन गेली. कान गेल्यापासून पाच महिने ती एक अक्षर बोलली नव्हती, टकळी बंद पडली होती, घरात कुणी तोंड उघडलं की ती पलंगाखाली जायची. तिथे व्हरांड्यात पंधरावीस पोरं हातांनी, तोंडांनी, भुवयांनी भांडत होती. एका बाईंनी हिला आरशासमोर बसवलं आणि शेजारी बसून आपला गाल हिच्या हाताला लावला. आणि ही बोलली. काय बोललीस ते विचारू नकोस, बाबा म्हणाले, काहीतरी बडबड होती, पण पाऊण तास थांबली नाहीस. निघायच्या वेळी हिने फाटकाचे गज धरले आणि सोडेना. उचलून घरी आणली. तीन दिवस जेवली नाही, पायाशी लोळण घेऊन त्याच एका दिशेने बोट दाखवत राहिली. "चौथ्या दिवशी मी म्हणालो, ठेवून येऊ. मामाही तेच म्हणत होता. आईने तुझ्या ताईला काय सांगितलं, मी कुठे होतो तिथे. दोन्ही खरंच असेल."

"हे मला पटत नाही," ती म्हणाली.

"नको पटू दे."

ती उलटतपासणीला बसल्यासारखी पुढे सरकली. पोचवायच्या दिवशी तुम्ही आत आला नाहीत, तिने विचारलं. आई आणि मामा आत आले. तुम्ही फाटकाबाहेर पाठ करून उभे होतात. हे तिला लख्ख आठवत होतं, पांढऱ्या सदऱ्यावरची घामाची ओली पट्टीसुद्धा. बाबांनी बाल्कनीबाहेर पाहिलं, मग लक्षात आलं की असं तोंड फिरवून चालणार नाही, म्हणून तिच्याकडे वळले.

"राग आला होता तुझा," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, निदान एकदा मागे वळून बघशील. तू धावत आत गेलीस. वर्षभर राग होता माझ्या मनात. पत्रात 'ये' लिहायला हात होईना. म्हटलं, हिला कुठे गरज आहे."

आतमध्ये दिवा लागला. वहिनी काहीतरी शोधत दारावरून गेली. ती स्टुलावर बसून होती आणि तिच्या आत सगळं सामान हलत होतं, पस्तीस वर्षं एका जागी ठेवलेलं, कपाटं, पेट्या, सगळं भिंतींपासून सुटून खोलीच्या मध्यावर येत होतं, आणि गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती. हे बसत नव्हतं. नऊ वर्षांची पोर आईबापांना सोडून फाटकाला चिकटते, हे कुठल्या सिनेमात दाखवलं असतं तर ताईच्या नवऱ्याने उठून पैसे परत मागितले असते. तिला त्यातलं काही आठवतही नव्हतं. आरसा आठवत होता, पण शाळेत आरसे रोजच असायचे. गाल आठवत होता, बाईंचा, पावडरीचा वास येणारा, पण तो पहिल्या दिवशीचा की नंतरचा? त्या फाटकाचं तर काहीच नाही. आणि ज्या बाईने हे सगळं पाहिलं ती आई राहिली नव्हती, मामा राहिले नव्हते. एक साक्षीदार उरला होता आणि तो स्वतः गुंतलेला. बाबांनी पाणी हवंय का म्हणून खूण केली. तिने नको म्हणून मान हलवली.

"कसे धरले होते?" तिने विचारलं.

"काय?"

"गज. मी कसे धरले होते?"

बाबांनी खुर्चीचे हात धरून स्वतःला उभं केलं, ती आधार द्यायला उठली तर तिला बाजूला सारलं. बाल्कनीला दादाने नातवंडांसाठी उभे लोखंडी गज लावून घेतले होते. बाबा त्यांच्यापुढे गेले, थोडे वाकले, नऊ वर्षांच्या उंचीला यावं इतके, आणि दोन्ही मुठींनी दोन गज धरले. त्यांनी कपाळ त्या दोन गजांच्या मधे टेकवलं. मागून त्यांचा सदरा पाठीवर ताणला गेला, आणि मुठींवरच्या शिरा उठून आल्या, सांधे पांढरे पडले, इतकं घट्ट धरायचं काही कारण नव्हतं. मग त्यांनी मान वळवून तिला तोंड दाखवलं.

"असे," ते म्हणाले. "आणि आई एकेक बोट सोडवायची. हे सोडवलं की तू ते धरायचीस."

ती त्यांच्या शेजारी गेली. तिने त्यांच्या उजव्या हाताची करंगळी धरली आणि उचलली. कातडी मऊ, सैल, आतलं हाड बारीक. मग अनामिका. मधलं बोट उचललं तेवढ्यात करंगळी पुन्हा गजावर बसली. तिने ती पुन्हा सोडवली. त्यांनी पुन्हा धरलं, आणखी घट्ट, आणि खांदे हलायला लागले म्हणून तिला कळलं की ते हसताहेत, आवाज करून हसत असणार, कारण वहिनी हातात टॉवेल घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि काय चाललंय म्हणून विचारू लागली. तिला वहिनीचे ओठ दिसले, पण तिने ते वाचले नाहीत. तिने दोन्ही हातांनी बाबांची मूठ धरली होती आणि तिच्याच्याने ती सुटत नव्हती.